बोटं मोजणारे घरत मामा

घरत मामा पंख्याखाली बसत नसत.

पनवेलच्या आमच्या तंत्रनिकेतनातल्या स्टाफरूममध्ये चार पंखे आहेत. मामांची खुर्ची त्या चारही पंख्यांपासून नेमकी सारख्या अंतरावर असायची, म्हणजे जिथं एकाचाही वारा पोचत नाही अशा जागी. मे महिन्यात आम्ही पंख्याखाली कागद उडू नयेत म्हणून पेपरवेट शोधायचो आणि मामा त्यांच्या बिनवाऱ्याच्या बेटावर घामानं निथळत पेपर वाचायचे. मी एकदा विचारलं, तर वर न बघता म्हणाले, "सर, वर फिरतंय ते कदीतरी खाली येनार. कदी ते सांगत नाय, येवडाच त्याचा दोष."

एका निरोपसमारंभात संस्थेचे एक विश्वस्त भाषणाला उभे राहण्याआधी बरोबर पंख्याच्या खाली बसले होते. मामा वाकत वाकत स्टेजवर चढले आणि विश्वस्तांसकट ती खुर्ची दीड फूट डावीकडे ओढून आले. विश्वस्तांना वाटलं फोटोसाठी असेल. ते पुढचा सगळा वेळ कॅमेऱ्याकडे बघून हसत राहिले.

मामा आमच्या वर्कशॉपचे शिक्षक. कागदावर त्यांचं पद लांबलचक होतं, ते कुणी कधी उच्चारलं नाही. मुलं मामा म्हणायची, म्हणून आम्हीही. वयानं निवृत्त होऊन त्यांना दोन वर्षं झाली होती, पण त्यांच्यासारखा माणूस मिळत नाही म्हणून दरवर्षी जूनमध्ये प्राचार्य त्यांना एक वर्ष वाढवून द्यायचे. एक सही. एप्रिल लागला की मामा त्या सहीच्या काळजीनं वाळायला लागत. "ह्या वर्षी नाय दिली तर मी काय करू? घरी बसू?" 'घरी' हा शब्द ते असा उच्चारायचे की ऐकणाऱ्याला गजांमागची कोठडी दिसावी. मी हसायचो. ते मी लिहून ठेवतो आहे, कारण या लिखाणात मी बऱ्याच ठिकाणी हसलो आहे आणि बोलायला हवं होतं तिथं बोललेलो नाही.

मामा जासईहून स्कूटरवर यायचे. जासई म्हणजे आता कंटेनरचं गाव. रस्त्यावर ट्रेलरच ट्रेलर. मागून ट्रेलर आला की मामा स्कूटर कडेला घ्यायचे, उतरायचे, स्टँडवर लावायचे आणि हेल्मेट घालून सावधान उभे राहायचे. ट्रेलर गेला की पुन्हा किक. एका ट्रेलरवाल्यानं म्हणे उलट सलाम ठोकला होता. या पद्धतीनं तासाचा रस्ता अडीच तासांचा व्हायचा, म्हणून मामा पहाटेच निघायचे आणि कॉलेजचं फाटक उघडण्याआधी फाटकाशी हजर असायचे. त्यांच्या भावांनी बंदरासाठी गेलेल्या जमिनीच्या पैशातून बंगले बांधले, मोठ्या गाड्या घेतल्या. एक भाऊ म्हणाला, "दादा, माझ्या गाडीतून चल, एसी हाय." मामा म्हणाले, "तुज्या गाडीत बाहेरचा आवाज येत नाय. आवाज येत नाय तिथं मी बसत नाय."

पण मामांची खरी ओळख बोटांची.

प्रॅक्टिकल संपलं की ते वर्कशॉपचं दार आतून लावून घ्यायचे. "हात वर!" वीस मुलं दोन्ही हात वर करून रांगेत उभी. मामा एकेकापुढे जाऊन बोटं मोजायचे. एका वहीत तारीख आणि पुढे आकडा लिहायचे, दोनशे. मग दार उघडायचं. नवीन आलेल्या मुलांना वाटायचं काही शिक्षा आहे. बाहेरचे परीक्षक आले की त्यांनाही हात वर करावे लागायचे. एकदा मोजदाद एकशे नव्वद निघाली. मामांनी पुन्हा मोजलं. एकशे नव्वद. त्यांचा चेहरा राखेसारखा झाला. सगळ्या मुलांना तसंच हात वर करून उभं ठेवून ते कॉलेजभर धावले, संडासापासून ग्रंथालयापर्यंत, आणि शेवटी कॅन्टीनमध्ये एक मुलगा सापडला. तो मिसळ खात होता. मामांनी त्याचा रश्शानं माखलेला हात धरून वर केला, दुसरा वर केला, दहा मोजली आणि तिथंच बाकावर मटकन बसले. "खा," म्हणाले. "सावकास खा." आणि त्याच्या ताटातला पाव तोडून स्वतः खायला लागले.

या माणसाचं भीतीचं शास्त्र होतं. त्यातलं मुख्य सूत्र: "भीतीला जागा ठेवावी." बूट एक नंबर मोठे घ्यायचे, भीतीला जागा. अर्ज आधी पेन्सिलीनं लिहायचा, भीतीला जागा. प्लेटवर मोटर बसवायची तर बोल्टसाठी गोल भोक मारायचं नाही, लांबट मारायचं, म्हणजे मोटर पुढंमागं सरकवता येते. "तुमचं गनित बरोबर असेल सर. पन लोखंडानं तुमचं गनित कुटं वाचलंय?"

आता रोबोटकडे येतो.

आमच्या तिसऱ्या वर्षाच्या मुलांनी पुण्याच्या एका रोबोट स्पर्धेत नाव घातलं. चमूची प्रमुख सायली. कामोठ्यात राहणारी, एकदा प्रश्न विचारला की उत्तर मिळेपर्यंत समोर उभी राहणारी मुलगी. रोबोटनं वाळूच्या पिशव्या घेऊन चढ चढायचा होता. मोटरची ताकद चाकांपर्यंत साखळीनं न्यायची की पट्ट्यानं, यावर तिनं आठवडा घालवला आणि पट्टा निवडला. आतून दाते असलेला रबरी पट्टा. वजनाला हलका, तेल लागत नाही, आवाज नाही.

"आवाज नाय?" मामा दचकले. "पोरी, साकळी निदान वरडते. पट्टा गप असतो. गप असनाऱ्याला जास्त भ्यावं."

पट्ट्याचं गणित माझ्याकडे होतं. मी चमूचा मार्गदर्शक होतो. चोवीस वर्षं हा विषय शिकवतो आहे. मी फार बोलत नाही, म्हणून मुलांचा समज आहे की मला सगळं येतं, आणि तो समज मी कधी मोडलेला नाही. मी चित्र काढलं: दोन्ही बाजूंना एकेक मोटर आणि पट्टा, मोटरच्या पुलीला चोवीस दाते, चाकाच्या पुलीला चोवीस, दोघींमध्ये अमुक अंतर. चित्र सुंदर होतं. कळंबोलीच्या बाजारातून अल्युमिनियमची प्लेट आली.

मग मला वाटलं, चढावर ताकद कमी पडेल. मी दोन्ही मोटरच्या पुल्या बदलल्या. चोवीसाऐवजी बावीस दात्यांच्या. हे योग्य होतं. पण पुली लहान झाली की पट्ट्याला तिच्याभोवती कमी वळावं लागतं आणि उरलेली लांबी सैल पडते. ती ताणायला मोटर थोडी लांब सरकवावी लागते. अडीच मिलिमीटर. चित्रावर मी दात्यांचा आकडा खोडून नवा लिहिला. अंतराचा आकडा तसाच राहिला.

ते चित्र घेऊन मी वर्कशॉपात गेलो. मामांनी चष्मा लावून ते बराच वेळ पाहिलं. सायली शेजारी उभी होती.

"सर, दाते कमी केले. मग भोक तिथंच?"

या प्रश्नाचं उत्तर द्यायला मला खाली बघून दोन ओळींचा हिशोब करायचा होता. मी केला नाही. एका वर्कशॉपवाल्यानं विद्यार्थिनीसमोर मला विचारलं होतं.

"मामा, हिशोब माझा आहे. तुम्ही भोक मारा."

"लांबट मारू? भीतीला जागा..."

"गोल मारा. ही भाताची गिरणी नाहीये."

मामांचे वडील भाताच्या गिरणीवर पट्टे सांभाळायचे. मला ते माहीत होतं. मामा ड्रिल मशीनपाशी गेले, शर्टाची बाही कोपरापर्यंत दुमडली आणि माझ्या खुणेवर, केसभरही न चुकवता, दोन्ही बाजूंची भोकं मारली.

जोडणी झाली तेव्हा त्यांनी अंगठ्यानं पट्टा दाबून पाहिला. "सैल हाय."

"दात्यांचा पट्टा थोडा सैलच असतो," मी म्हणालो. हे अर्धसत्य आहे. अर्धसत्याचा फायदा असा की ते ठामपणे बोलता येतं.

पण त्या संध्याकाळी घरी मी हिशोब केला. चहा निवून गेला. अडीच मिलिमीटर. पुन्हा केला. अडीच. दुसऱ्या दिवशी दुपारी प्राचार्यांसमोर चाचणी होती. प्लेट बदलायची तर चाचणी पुढे जाणार, पुढे जाणार म्हणजे कारण द्यावं लागणार, कारण म्हणजे मी. मी स्वतःला समजावलं की चढ फार नाही. पट्टा धरेल. चाचणी उरकली की मग गुपचूप प्लेट बदलू. आजवर हे मी कुणाला सांगितलेलं नाही: चाचणीच्या वेळी मला ठाऊक होतं. चूक माझ्या हातून नकळत झाली, असं मी बायकोलाही सांगितलं आहे. ते खोटं आहे.

चाचणीला मामा एक वायर घेऊन आले. वीस फूट लांब, एका टोकाला रोबोट, दुसऱ्या टोकाला लाल बटण. दाबलं की सगळं बंद. मुलं हसली. "मामा, ही शेपटी कशाला? मोबाइलवरून बंद होतो तो."

"मोबाइल तुमचा. भीती माजी. मना माजी वायर हवी."

रोबोट चढाला लागला. पाठीवर वाळूच्या पिशव्या. अर्ध्यावर गेला. सगळे टाळ्या वाजवायला हात वर घेत होते. मी मात्र डाव्या पट्ट्याकडे बघत होतो.  आणि टर्रर्र असा आवाज झाला. डावा पट्टा पुलीच्या दात्यांवरून उड्या मारत होता. उजवी बाजू ओढत राहिली. रोबोट गर्रकन वळला, त्याचं तोंड खाली झालं, आणि तो तेवढ्या वजनासकट उताराला लागला. खाली सायली उकिडवी बसून व्हिडिओ काढत होती. ती मोबाइलच्या पडद्यात बघत होती. पडद्यात तो लहान दिसत असणार.

मी ओरडलो नाही. ओरडायला तोंड उघडलं, आवाज आला नाही.

रोबोट तिच्या गुडघ्यापासून वीतभर अंतरावर थांबला. पिशवी फुटून वाळू तिच्या बुटांवर सांडली. मामांचा अंगठा बटणावर होता. तो नंतर बराच वेळ बटणावरून निघेना.

मग ते तिच्याजवळ गेले. "हात वर." तिनं केले. मामांनी मोजली. मध्येच त्यांचा हिशोब चुकला आणि त्यांना पुन्हा पहिल्यापासून मोजावं लागलं. या वेळी कुणी हसलं नाही.

दुसऱ्या दिवशी सायलीचे वडील कामोठ्याहून आले. सभ्य माणूस. आरडाओरडा केला नाही, त्यामुळे प्राचार्य जास्त घाबरले. आम्हाला सगळ्यांना बोलावलं. सायली, मामा, मी.

"मला फक्त एवढं सांगा," प्राचार्य म्हणाले, "चूक कोणाची?"

मी चष्मा पुसत होतो. चष्मा स्वच्छ होता. सायली माझ्याकडे बघत होती. आरोप करायला नाही. शिकवताना बघतात तशी बघत होती, आता सर सांगतील म्हणून.

"भोकं माजी," मामा म्हणाले.

"म्हणजे?"

"खूण चुकली माजी. डोळं गेलं आता साहेब. अडीच मिलिमीटर अलीकडं पडलं."

अडीच. मी तो आकडा कुणाला सांगितला नव्हता. मामांनी रात्रीतून प्लेट मोजली होती, माझं चित्र पाहिलं होतं, त्यांना सगळं कळलं होतं. मी मान वर केली. ते माझ्याकडे बघत नव्हते. सायलीकडे बघत होते. मी पुन्हा चष्मा पुसायला लागलो.

त्या जूनमध्ये सही झाली नाही. डोळ्यांचं कारण कागदावर आलं. चाव्या देण्याआधी मामांनी दोन दिवसांत मुलांना नवी प्लेट करून दिली, लांबट भोकांची. मुलं पुण्याला गेली. नंबर आला नाही, पण चढावर पट्टा एकदाही सुटला नाही. सायलीनं मला फोन करून आनंदानं सांगितलं. मी "छान" म्हणालो.

वर्कशॉपात नवीन तरुण शिक्षक आला. हुशार आहे. बोटं मोजत नाही. प्रॅक्टिकल संपायच्या वेळेला मी काहीतरी निमित्त काढून तिथून जायला लागलो. मुलं हात खिशात घालून बाहेर पडायची आणि मी ती खिशातली बोटं मनात मोजू बघायचो. मला रस्त्यावरच्या ट्रेलरची भीती वाटायला लागली. स्टाफरूममध्ये मी खुर्ची सरकवून मामांच्या बिनवाऱ्याच्या जागी बसायला लागलो. कुणीतरी म्हणालं, "काय हो सर, मामांचा वारसा?" सगळे हसले, मीही हसलो, आणि घामानं शर्ट पाठीला चिकटला होता.

पाच महिन्यांनी मी चूक माझी होती हे लिहून प्राचार्यांकडे गेलो. एक पान. त्यांनी वाचलं, दार लावून घेतलं. "अहो, मिटलंय ते. कशाला उकरून काढता? तुमची नऊ वर्षं राहिलीत." मी म्हणालो, पान आवक करून घ्या. आवाज माझाच होता, पण मला ओळखू आला नाही. त्यांनी उसासा टाकून शिक्का मारला. "बघतो. घरतांना सोमवारी बोलावतो. तुमचंही बघावं लागेल."

त्याच दुपारी मी जासईला गेलो.

भावांच्या बंगल्यांच्या मागे मामांचं जुनं कौलारू घर. कुंपणापलीकडे कंटेनरची रास, चार मजली, निळी, तांबडी, आणि मागे सरकणाऱ्या ट्रेलरची टीं टीं दिवसभर. मामा ओट्यावर बसले होते. एकटेच. बायको जाऊन सहा वर्षं झाली, मुलगी लग्न होऊन लांब गेली, हे मला माहीत होतं, पण माहीत असणं वेगळं. दाराशी चपलांचा एकच जोड होता.

"सर! या, या. बसा." ते इतक्या घाईनं उठले की त्यांचा पाय अडखळला. आत जाऊन त्यांनी चहा केला. कप आणला तो जपून ठेवलेला, सोनेरी काठाचा. आत बोट घालून पुसून आणला होता, तरी तळाशी धूळ होती. तो बहुधा बरेच दिवस कुणासाठी निघाला नव्हता.

"मामा," मी म्हणालो, "तुम्ही का सांगितलंत तसं? तुम्हाला माहीत होतं."

"भ्यालो."

"माझी नोकरी जाईल म्हणून?"

"तुमची नोकरी कसली जाते! पर्मनंट मानूस तुमी." ते हसले. मग कंटेनरकडे बघत म्हणाले, "तुमच्या तोंडाकडं बघितलं. वाटलं, हा मानूस आता खोटं बोलनार. आनि पोरगी समोर बसली हाय. ती तुमचं बघून मोजायला शिकली, सर. तुमी खोटं बोललात तर ती परत कोनाचं आयकून मोजनार नाय. न मोजनारी पोरं मशीनवर..." त्यांनी वाक्य तिथंच सोडलं. "त्याला भ्यालो."

मी हातातला कप खाली ठेवला. 

"मी आज लिहून दिलंय मामा. प्राचार्य सोमवारी तुम्हाला बोलावतील. पण तुम्हाला तोंडानं सांगायला आलोय. सगळं. चाचणीच्या आधीच मला माहीत..."

मामांनी हात वर केला. मला वाटलं त्यांना ऐकायचं नाही. त्यांनी दुसरी खुर्ची ओढली, माझ्यासमोर मांडली आणि बसले.

"सोमवारचं सोमवारी बगू," ते म्हणाले. "सांगा तुमी, सगळं सांगा. पन सर, सावकास सांगा. येकदम सांगून टाकलंत, तर तुमी लगेच निगाल."

पलीकडे एक ट्रेलर मागे सरकत होता. तो थांबेपर्यंत मी थांबलो. मग मुलांनी स्पर्धेचा अर्ज भरला, तिथपासून सुरुवात केली.